तांदूळ निवडायची जागा

परवा रविवारी आईच्या ओव्यांचं चित्रण करायला बसलो आणि अर्धी सकाळ फुकट गेली. आई आता ब्याऐंशी वर्षांची. जातं केव्हाच परसात जाऊन पडलंय, पण ओव्या अजून तिच्या ओठांवर आहेत. हल्ली मात्र मधल्या ओळी निसटतात. बाबा गेले तेव्हा त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. राहिला तो एक पासपोर्ट फोटो. ती चूक पुन्हा करायची नव्हती.

माझा स्वभाव कारकुनी, त्यामुळे आधी चौकशी! मडगावच्या दुकानदाराने दोन वेबकॅम पुढे ठेवले. एक १२८० बाय ७२० ठिपक्यांचा, दुसरा १९२० बाय १०८०. ठिपके जास्त म्हणून जास्त पैसे मोजून दुसरा आणला, सोबत गोल एलईडी दिवाही.

घरी आईला खिडकीकडे पाठ करून बसवलं, तर चेहरा काळाकुट्ट. खिडकी झाकून ट्यूब लावली, तर चित्रावर पट्टे सरकू लागले. आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेऱ्याचं सेटिंग ६० वर! ते बदललं. पट्टे गेले, पण उजेड अपुरा, म्हणून चित्र रवाळ. गोल दिवा समोर ठेवला, तर आईच्या चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या... डोळेच गायब.

शेवटी आई कंटाळून उठली आणि सूप घेऊन आपल्या नेहमीच्या जागी, शिंपल्यांच्या तावदानाच्या जुन्या खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली. त्या शिंपल्यांतून ऊन थेट येत नाही, गाळून येतं. बाजूने पडलेल्या त्या मऊ उजेडात तिची एकेक सुरकुती स्पष्ट दिसत होती. मी बघतच राहिलो.

"आई, हांगाच गा गो," मी म्हटलं.

"तांदळांतलो खडो दिसता थंय तोंड दिसचें ना?" आई म्हणाली.

मी कॅमेरा तिथे नेला, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली, म्हणजे सावलीतला गाल उजळतो. बस्स, एवढंच. अकरा ओव्या झाल्या. बाराव्या ओवीत ती अडली, आठवत राहिली, मग हसली. ते हसू मी कापलेलं नाही.

असो. गोल दिवा कपाटावर आहे. तुमच्या घरी अशी कोणी गाणारी असेल, तर कॅमेरा कोणताही घ्या. आधी ती तांदूळ कुठे निवडते ते बघा. आणि उशीर करू नका.