आधी फादर, मग नोटीस

मी वसईची कॅथलिक, नवरा हिंदू. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "त्याला धर्म बदलावा लागेल का गं?" नाही लागत. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी कॅथलिकाचं लग्न बिशपांची खास परवानगी मिळाली की चर्चमध्ये रीतसर लागतं. परवानगी नसेल तर चर्च ते लग्नच मानत नाही.

परवानगीचा अर्ज आमच्या धर्मग्रामातल्या फादरांनी भरून घेतला. आम्हाला वेगवेगळं बसवून त्यांनी विचारलं: कुणाचा दबाव आहे का, आधी लग्न झालंय का, हे नातं आयुष्यभराचं मानता का. मग माझ्यापुढे वचनाचा कागद आला. आपली श्रद्धा जपेन आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी जमेल ते सारं करेन, असं त्यात होतं. वचन माझं एकटीचं. होणाऱ्या नवऱ्याला त्याची कल्पना दिलेली असली म्हणजे झालं. पण त्याने कागद सावकाश वाचला आणि म्हणाला, "मुलं दोघांची होणार. मग मलाही बोलायचंय." फादर उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि आम्हाला बोलू दिलं. आमच्या सगळ्या लग्नात मला ते बोलणं सर्वांत मोलाचं वाटतं.

बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण चर्चच्या नोंदवहीत पुढे लग्नाचीही नोंद होते. ताज्या दाखल्यावरून माणूस अविवाहित असल्याचं कळतं.

चर्चमधलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने वैध असतं. तरी आम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आम्हा दोघांना वारसाहक्काचा एकच कायदा हवा होता. अशा लग्नाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मात्र हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो. सासऱ्यांना हे आम्ही आधीच समोर बसून सांगितलं.

नोंदणी लग्नाची नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची, तिथे दोघांपैकी एकाचं आधीचे किमान 30 दिवस वास्तव्य हवं, आणि नोटीस दिल्यावर हरकतींसाठी आणखी 30 दिवस थांबावं लागतं. तोवर आमची नावं-पत्ते विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर, कुणीही वाचावेत असे. सज्ञान माणसांना हे सोसायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते. म्हणून बिशपांचं पत्र हातात आल्यावरच आम्ही नोटीस दिली.

कार्यालयात तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या आणि त्याच आठवड्यात चर्चमध्ये वचनं, अंगठ्या. मिस्सा (ख्रिस्तप्रसादाचा विधी) नव्हता, याचं माझ्या आजीला वाईट वाटलं. अशा लग्नात तो सहसा नसतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नोटीस द्यायच्या आधी फादरांना भेटा, आणि मुलांविषयी त्याही आधी एकमेकांशी बोला.