सेसियाकाठची रेशमी माशी

उत्तर इटलीत मोंते रोझाच्या बर्फातून सेसिया नदी उतरते. तिच्या खोऱ्यात ट्राउट मासा धरायची जुनी रीत अजून टिकून आहे. लांब काठी, रीळ नाहीच. घोड्याच्या केसांची वळलेली दोरी आणि तिला ओळीने तीन-चार खोट्या माश्या.

माशी बनवणं म्हणजे आपल्या शिवणाच्या डब्यातलंच काम! गळाला रेशमाचा दोरा गुंडाळायचा, डोक्याशी मऊ पिसाचे दोनच वेढे द्यायचे, गाठ मारायची. हात मात्र आखडता हवा बरं का! पीस जास्त झालं, की माशी दिसते छान, पण पाण्यात निर्जीव. विरळ तंतू प्रवाहात हलले, तरच मासा फसतो.

इथल्याच बायका सुईदोऱ्याने ‘पुंचेत्तो’ लेस करतात. दोन्ही कला बोटांतल्या. गाठ किती आवळायची, हे शेजारी बसूनच शिकावं लागतं. शिकणारी बसली नाही, तर कला तिथेच संपते.