ऊन सगळ्यांना सारखं, गावं मात्र वयाप्रमाणे

फ्लोरिडातल्या बऱ्याच गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'सनशाईन स्टेट' असं छापलेलं असतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत धाकट्या बहिणीकडे टँपाजवळ तीन आठवडे राहून आलो, तेव्हा हे पहिल्यांदा नीट पाहिलं. आपण सिंधुदुर्गातली माणसं. आपल्याला फेब्रुवारीतल्या उन्हाचं काय कौतुक? पण तिथे ओहायो, मिशिगनपासून कॅनडापर्यंतची माणसं दीड-दोन हजार किलोमीटर गाडी हाकत त्या उन्हासाठी येतात. नोव्हेंबरात येतात, एप्रिलात परत जातात. त्यांना स्नोबर्ड म्हणतात. आपल्याकडे चाकरमानी गणपतीला येतात, तसंच, फक्त मुक्काम पाच-सहा महिन्यांचा.

बहिणीने समुद्र दाखवला, डिस्नी दाखवलं. मला मात्र नाद लागला दुसऱ्याच गोष्टीचा. या राज्यात माणसं वयाप्रमाणे वेगवेगळ्या गावांत राहतात. म्हणजे एखाद्या गावात म्हातारे थोडे जास्त, एखाद्यात तरुण थोडे जास्त, असं नाही. अख्खी गावंच्या गावं एका वयाची.

राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २ कोटी १५ लाख. दर पाच माणसांत एक पासष्टीच्या पुढचा. पण हा एक जण राज्यभर सारखा पसरलेला नाही. समटर नावाची एक काउंटी आहे, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तिथे निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. मध्यम वय ६८ च्या आसपास, अमेरिकेत सगळ्यात जास्त. आणि तिथून गाडीने तासा-दीड तासावर गेन्सव्हिल हे विद्यापीठाचं गाव आहे, पन्नास हजारांवर विद्यार्थी असलेलं. तिथलं मध्यम वय २६ च्या आसपास! मध्ये काय, तर हायवे आणि घोड्यांची कुरणं.

समटरमधलं 'द व्हिलेजेस' बघायला एक दिवस गेलो. बहिणीच्या ऑफिसातल्या एक निवृत्त बाई तिथे राहतात, त्यांनी बोलावलं होतं. गावात शिरलो आणि जाणवलं की रस्त्याच्या कडेने गोल्फ कार्टसाठी वेगळा रस्ता आहे, कार्टसाठी भुयारं आहेत, हायवेवरून पलीकडे जायला कार्टचा स्वतःचा पूल आहे. सत्तर-पंचाहत्तरीचे लोक कार्ट चालवत बाजाराला, डॉक्टरकडे, नाचायला चाललेत. हो, नाचायला. चौकात रोज संध्याकाळी गाणारे येतात आणि आजी-आजोबा ओळीत उभे राहून नाचतात. पैसे लागत नाहीत. कोणी कुणाकडे बघून हसत नाही. मला तिथे 'बिचारं' कोणी दिसलं नाही, हे आधीच सांगतो. कारण आपल्याकडे अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांवर लिहायचं म्हणजे 'मुलं सांभाळत नाहीत हो' असा गळा काढायची पद्धत आहे.

एक गोष्ट मात्र कानाला खटकत होती आणि बराच वेळ कळेना काय ते. मुलांचा आवाज नाही. कुठे सायकल पडलेली नाही, बॉल नाही, शाळेची बस नाही. बाईंना विचारलं, तर त्यांनी अगदी सहज सांगितलं, "नियमच आहे." काही मोजक्या वसाहती सोडल्या तर १९ वर्षांखालच्या कुणाला तिथे राहता येत नाही. नातवंडं येऊ शकतात, पण वर्षाला ३० दिवस.

हे कायद्यात बसतं कसं, तर तेही पाहिलं. १९८८ मध्ये अमेरिकेने लहान मुलं असलेल्या कुटुंबांना घर नाकारायला बंदी केली. त्यातून वृद्धांच्या वसाहतींना सूट दिली आणि १९९५ मध्ये ती सूट सोपी केली. किमान ८० टक्के घरांत निदान एक माणूस ५५ च्या पुढचा असला की वसाहत मुलांना नाही म्हणू शकते. २०१० ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेतला सगळ्यात वेगाने वाढलेला शहरी भाग कुठला, माहीत आहे? न्यूयॉर्क नाही, ऑस्टिन नाही. हेच द व्हिलेजेस. ९३ हजारांवरून १ लाख ३० हजार.

आमच्या धंद्यातली एक गंमत. जगभर छापील पेपर मरत असताना या गावाचा स्वतःचा रोजचा पेपर जोरात चालतो, 'द व्हिलेजेस डेली सन'. वाचणारे म्हातारे, त्यामुळे खप पक्का. मालक कोण? गाव बांधणाऱ्या बिल्डरचंच घराणं. सकाळी पेपर उघडला की सगळं छान छान. मी दोन अंक चाळले आणि आपल्याकडच्या काही पेपरांची आठवण झाली, नावं घेत नाही.

आता हे सगळं नुसत्या उन्हाने झालं का? ऊन तर आधीही होतं. १९४० साली अख्ख्या फ्लोरिडात १९ लाख माणसं होती, डास आणि उकाडा सोसणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी एसी आला. निवृत्तांना सोशल सिक्युरिटीचं पेन्शन होतंच, १९६५ मध्ये मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा आला. राज्याचा इन्कम टॅक्स नाही. म्हणजे ऊन फुकट, थंडावा विकत आणि खिशात दरमहा खात्रीचा पैसा. एवढं जमलं की माणूस मुलांवर अवलंबून न राहता स्वतःचं गाव निवडतो. निवड ही खिशातून येते, हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

पण म्हाताऱ्यांच्या गावाला तरुण हात लागतातच. बेड बदलायला, गवत कापायला, हॉटेलात ताट आणून द्यायला. ते हात राहतात कुठे? पश्चिम किनाऱ्यावर नेपल्स म्हणून श्रीमंत निवृत्तांचं गाव आहे. त्याच काउंटीत, तासाभराच्या अंतरावर, इमोकली आहे. तिथे टोमॅटो तोडणारे मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीचे मजूर राहतात. काउंटी एक, पण एक गाव पांढऱ्या केसांचं आणि दुसरं काळ्या केसांचं. ऑर्लँडोजवळ किसिमी आहे, डिस्नीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या हायवेवरच्या मोटेलांत कामगारांची कुटुंबं आठवड्याच्या भाड्याने राहतात, मुलाबाळांसकट, एका खोलीत. तरुण म्हणून त्यांनी ते गाव 'निवडलं' असं म्हणणार का? पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबर अनामत म्हणून भरायची रक्कम हातात नाही, म्हणून मोटेल. द व्हिलेजेसने कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली आहे, अलीकडे कुटुंबांसाठी बाजूला वेगळी वसाहतही बांधली. म्हणजे गरज त्यांनाही कळली. पण मुलं बाजूला, वेगळी.

आणि गावाचं वय कायमचं नसतं. मायामी बीचचं साऊथ बीच आज तरुणांच्या पार्ट्यांसाठी प्रसिद्ध. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या हॉटेलांच्या व्हरांड्यात न्यूयॉर्कहून आलेले म्हातारे खुर्च्या टाकून बसायचे. १९७९ मध्ये तो भाग ऐतिहासिक म्हणून नोंदवला गेला, इमारती वाचल्या, रंगरंगोटी झाली, भाडी चढली. खुर्च्या गेल्या. त्यातले किती वारले आणि किती भाड्यापायी हलले, याचा हिशेब कुणी ठेवत नसतं.

एका कायद्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यात मला सगळ्याची मेख वाटली. १९९२ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी 'सेव्ह अवर होम्स' नावाची दुरुस्ती पास केली, १९९५ पासून ती लागू आहे. तुम्ही स्वतः राहता त्या घराची करासाठी धरलेली किंमत वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त वाढवायची नाही. ऐकायला किती चांगलं! पेन्शनवाल्या आजींना घरपट्टीपायी घर विकायला लागू नये, हाच हेतू. पण घर विकलं गेलं की किंमत पुन्हा बाजारभावाने धरतात. मग होतं असं की भिंतीला भिंत लागून दोन सारखी घरं, एकात पंचवीस वर्षं राहणारे आजोबा, दुसऱ्यात काल आलेलं दोन मुलांचं जोडपं. जोडप्याची पट्टी आजोबांच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. आजोबांनी राज्यातच दुसरं घर घेतलं तर २००८ पासून ती सवलतही बरोबर नेता येते. शाळा याच पट्टीवर चालतात. म्हणजे जो शाळेत मुलं धाडतो त्याने जास्त भरायचं आणि ज्याची मुलं कधीच मोठी झाली त्याने कमी. मतदानाला कोण नेमाने जातं, हे वेगळं सांगायला नको.

उन्हाची दुसरी बाजूही आहेच. २०१७ च्या इर्मा वादळात हॉलिवूड नावाच्या गावातल्या एका नर्सिंग होमचा एसी बंद पडला आणि उकाड्याने १२ वृद्ध गेले. त्यानंतर राज्याने अशा ठिकाणी जनरेटर सक्तीचा केला. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ फोर्ट मायर्सजवळ आदळलं, तेव्हा मेलेल्यांत साठीच्या पुढचेच जास्त होते. एका वयाचं गाव केलं की संकटात उचलायला शेजारी कोण? शेजारीही पंचाहत्तरीचाच.

हे बहिणीला म्हटलं, तर ती म्हणाली, "दादा, आणि आपल्या गावात काय आहे?"

तिचं खरं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, आपल्या सिंधुदुर्गाची घटली. ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजार. रत्नागिरी तर ८१ हजारांनी कमी झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, म्हणजे बापये मुंबईला. हे आपण इतकी वर्षं 'चाकरमानी', 'मनीऑर्डर' असे शब्द वापरून गोड करून घेतलंय. पण नकाशा तोच आहे, तरुण एकीकडे, म्हातारे एकीकडे. फरक एवढाच की तिथल्या म्हाताऱ्यांनी आपलं गाव निवडलं. आपल्याकडे तरुणांनी गाव सोडलं आणि मागे जे उरलं ते म्हाताऱ्यांचं गाव झालं. ना कार्टचा रस्ता, ना चौकात गाणं. आमच्या गावाला एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही शाळा चालू असेल तर. शाळेचा पट सात. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करायची चर्चा निघाली की मास्तरांपेक्षा आधी म्हातारी माणसं घाबरतात, कारण शाळा गेली की एसटी जाणार आणि एसटी गेली की औषधाचं दुकान लांब जाणार. द व्हिलेजेसला मुलं नकोत. आमच्या म्हाताऱ्यांची औषधं मुलांच्या बसमधून येतात.

आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गावात एकटी राहते. मी तालुक्याला, २२ किलोमीटरवर. बहिणीचं म्हणणं, पुण्याजवळ आता वृद्धांसाठी चांगल्या वसाहती निघाल्यात, चोवीस तास नर्स, जेवण, सगळं. पैसे ती देईल. तिने फोनवर फोटो पाठवले. फोटो खरोखर चांगले होते. मी आईला दाखवले. आईने चष्मा लावून सगळे पाहिले आणि विचारलं, "हयसर झाडां कोणाची?" मग म्हणाली, "माका खंय जावचा नाय. तू येतस मा दर आयतवारी, पुरे."

मी बहिणीच्या बाजूने नाही आणि आईच्याही नाही. गेल्या पावसात आई मागीलदारी घसरली, तेव्हा शेजारच्या काकूंनी, ज्या स्वतः सत्तरीच्या आहेत, तिला उठवून बसवलं आणि मला फोन केला. मी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. मनगटाचं हाड मोडलं होतं. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, ओरोस की बांबोळी? ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू आहे, तरी बिकट केस असली की आपली गाडी अजून गोव्याच्याच रस्त्याला लागते. आईचं ओरोसला भागलं. पुढच्या वेळी भागेलच असं नाही, आणि रोजचा बहिणीचा फोन या 'पुढच्या वेळी'वरच येऊन थांबतो.

तेव्हा पुण्याच्या वसाहतीचं अजून ठरलेलं नाही. दरम्यान मी एक काम सुरू केलंय. आमच्या गावात साठीच्या पुढचं एकटं माणूस किती घरांत आहे, हे वाडीवाडीत फिरून मोजतोय. पुढच्या जनगणनेचे आकडे यायला वेळ आहे. तीन वाड्या झाल्या. १४२ घरं, त्यातली ३८ बंद, ३१ घरांत एकटं म्हातारं माणूस, त्यातल्या २६ बायका. उरलेल्या दोन वाड्या या महिन्यात होतील. पुढच्या ग्रामसभेत हा कागद ठेवणार आहे आणि दोनच गोष्टी मागणार आहे. सुट्टीतही एसटी चालू राहावी आणि आरोग्यसेविकेने आठवड्यातून एकदा या ३१ घरांची फेरी करावी.

तुमच्या वाडीचा आकडा तुम्ही मोजलात तर मला मेसेज करा. नावं नकोत, फक्त घरं, बंद घरं आणि एकटी माणसं. एका गावाचा कागद टेबलाखाली जातो, दहा गावांचा जरा कठीण पडतो.