करण, भवन आणि कर्ता

विज्ञानाला आणि उद्योगाला इंग्रजीने जी प्रक्रियावाचक नामे पुरवली, त्यांत एक मोठी सोय आहे. 'इव्हॅपोरेशन', 'क्रिस्टलायझेशन', 'कॉरोजन' असे क्रियापदाचे नाम झाले, की क्रिया एखाद्या वस्तूसारखी हाती धरता येते. तिची व्याख्या करता येते, तिचा वेग मोजता येतो. मात्र नाम होता होता कर्ता गळून पडतो. पाणी उन्हाने आटले की कोणी भट्टीवर आटवले, हे 'इव्हॅपोरेशन' सांगत नाही.

मराठी क्रियापद हा प्रश्न टाळू देत नाही. आटणे वेगळे, आटवणे वेगळे. मुरणे-मुरवणे, वितळणे-वितळवणे, गळणे-गाळणे या जोड्या आपण घरात रोज वापरतो. परिभाषा घडवणाऱ्यांनीही हा भेद संस्कृतातून उचलला. जे मुळात तसे नव्हते ते तसे होणे, हा 'च्वि' प्रत्ययाचा अर्थ. त्याला भू धातू जोडला की बाष्पीभवन, कृ जोडला की बाष्पीकरण. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. 'ऊर्ध्वपातन' म्हटले की वर्गात हसू फुटते. पण हा शब्द कोणा समितीने हवेतून काढलेला नाही. पारा शुद्ध करताना रसशास्त्राने ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक् असे पातनाचे तीन प्रकार मानले होते. इंग्रजी 'डिस्टिलेशन'च्या मुळाशी लॅटिनमधला थेंब आहे. एका भाषेचे लक्ष वर चढणाऱ्या वाफेकडे गेले, दुसरीचे खाली ठिबकणाऱ्या थेंबाकडे.

तक्रार करायची तर ती वेगळी आहे. शालेय पुस्तकात 'कथिलीकरण' आले आणि कंसात किंवा पुढच्या वाक्यात 'कल्हई' आली. जो शब्द भांड्यांसह, भात्यासह, नवसागराच्या धुरासह आपल्याकडे आधीच होता, तो स्पष्टीकरणापुरता उरला.

मी नवी मुंबईत शिकवते. हे शहर भातशेती, खाजणे आणि मिठागरे यांच्या जमिनीवर उभे आहे. मिठागराला इथे आगर म्हणतात, आणि आगरी समाजाचे नाव त्या शब्दाशी जोडले जाते. आगरात मीठ 'तयार' होत नाही, मीठ पिकते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत जाते तसा आधी जिप्सम खाली बसतो. मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला, की मिठाचे खडे धरू लागतात. शेवटी उरते ते मॅग्नेशियमच्या क्षारांचे कडू पाणी. ते वेळेवर काढून टाकले नाही तर मीठही कडवट होते. रसायनशास्त्र याला स्फटिकीभवन म्हणेल आणि ते बरोबरच आहे, कारण हाच शब्द साखरेला आणि मोरचुदालाही चालतो; 'पिकणे' तिथे चालणार नाही. पण 'पिकणे' या शब्दात ऊन आहे, हंगाम आहे, आणि बांध घालणारा माणूसही आहे. भवन आणि करण तिथे एकत्र नांदतात.

याच जमिनीच्या बाबतीत आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. मुंबईने 'रेक्लमेशन' हा शब्द नकाशावरच्या स्थलनामांतही स्वीकारला. त्याचा मूळ अर्थ परत बोलावणे. शिकारी ससाण्याला हाक मारून माघारी आणणे, हा त्याचा जुना वापर. म्हणजे समुद्राने आपले काही नेले होते आणि आपण ते परत घेतले, असे हा शब्द सुचवतो. मराठी माणूस नुसते 'भराव टाकला' म्हणतो. हा शब्द रांगडा आहे, पण खरा आहे.

'नागरीकरण' आणि 'औद्योगिकीकरण' हे शब्द मात्र मला अस्वस्थ करतात. भूगोलात ते झीज आणि विदारण यांच्या पंक्तीला बसतात, जणू पाऊस पडावा तसे शहर पडले. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. 'करण' हा प्रत्यय तरी सांगतो की कोणीतरी काही केले. आपण 'कोणी?' असे विचारायचे विसरतो.

इथे मराठीची बाजू घेऊन थांबता येत नाही. गावठाणातल्या घरांतून येणारे माझे विद्यार्थी निबंधात लिहितात, 'आमची जमीन प्रकल्पात गेली.' शुद्ध, देशी, अकर्मक क्रियापद. आणि कर्ता इथेही नाही. जमीन स्वतःच उठून गेल्यासारखी! हे वाक्य मी लाल शाईने खोडत नाही, कारण ज्याने घेतली त्याचे नाव घेण्यात धोका होता, त्या काळाची सवय त्यात साठलेली आहे. समासात एवढेच लिहिते, 'कोणी घेतली, केव्हा, किती मोबदल्यात?' बहुतेकांना घरी जाऊन आजीला विचारावे लागते. उत्तरे घेऊन जी वही परत येते, तिच्यातली वाक्ये लांब असतात आणि त्यांत माणसे असतात.