हारो!

टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा बाबांनी 2013 साली खडेबाजारातून आणला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. डबा आमचा, पण कॅसेट वरच्या मजल्यावरच्या मित्राची. तो कन्नड घरातला, मी मराठी शाळेतला. कॅसेटवर नऊ हजारांच्या वर खेळांचा आकडा छापलेला. आत तेच दहा-बारा खेळ पुन्हा पुन्हा. त्यांतला मारिओ तेवढा आमचा.

पहिल्याच दिवशी भांडण झाले. मारिओ खड्ड्यापाशी आला की हा ओरडे, "हारो, हारो!" मी चिडलो. मी खेळतोय आणि हा माझी हार चिंततो! खेळही असा, की एकजण मेला म्हणजे दुसऱ्याची पाळी. तेव्हा संशय अगदीच निराधार नव्हता. आठवडाभराने त्याच्या अव्वांनी हसत हसत सांगितले, की कन्नडमध्ये 'हारो' म्हणजे उडी मार. माझे कन्नड तिथून सुरू झाले.

पुढे कळले, की आमचा डबा ही निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 1983 सालच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल. कंपनी 1889 मधली, क्योटोची, मूळची पत्ते करणारी. मारिओ प्रथम दिसला 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये, आणि तेव्हा त्याचे नाव होते जम्पमॅन, म्हणजे चक्क उडीवाला! खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतोंच्या हाती ठिपके इतके थोडे, की तोंड काढायला नको म्हणून मिशी आणि केस काढायला नकोत म्हणून टोपी. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या 40 किलोबाइटांत बसवलेला. त्यातले ढग आणि झुडपे एकच चित्र आहे, नुसता रंग पालटलेला. काटकसर म्हणतात ती ही! त्या खेळात पडदा मागे सरकत नाही. पुढे गेलात की मागचे गेले.

मग यंत्रे पालटली. 1990 साली सुपर फॅमिकॉमवर मारिओला बसायला योशी मिळाला. 1996 साली निन्टेन्डो 64 वर जग सपाट राहिलेच नाही. हातातली दांडी थोडी कलवली की तो चालणार, पुरती कलवली की धावणार, आणि त्याला कोणत्या बाजूने पाहायचे तेही आपणच ठरवायचे. 2007 च्या 'गॅलेक्सी'त तर तो इवल्याशा ग्रहांभोवती डोके खाली करून पळतो. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत यंत्रावर दरसाल घसारा लागतो, मारिओ मात्र ख्यातीच्या खात्यात जमा. पण ही ख्याती फुकट टिकलेली नाही. दर नव्या यंत्रावर उडी पुन्हा मुळापासून बसवावी लागली. जुन्या मालाला नुसता रंग देऊन विकणारे पुष्कळ आहेत, आमच्या पाठ्यपुस्तकांच्या नव्या आवृत्त्याच पाहा.

2016 साली मित्राच्या वडिलांची हुबळीला बदली झाली. सामान ट्रकवर चढत असताना तो कॅसेट मागायला आला. मी म्हणालो, हरवली. ती माझ्या दप्तरात होती.

गेल्या दिवाळीत हुबळीला त्याच्याकडे गेलो. त्याने स्विच घेतला आहे. त्यावरच्या मारिओत चौघे एकदम खेळू शकतात. पाळीची वाट पाहायला नको. मी खड्ड्यात पडलो की एका बुडबुड्यात बसून तरंगत परत येई, आणि त्याने येऊन स्पर्श केला की बुडबुडा फुटून मी पुन्हा उभा. सात-आठ वेळा तरी त्याने मला असे सोडवले. तो आता "जंप, जंप" म्हणतो. "हारो" मीच म्हणत होतो.

जेवताना त्याने सहज विचारले, ती आपली कॅसेट कुठे गेली असेल रे? मी भाताकडे पाहत म्हणालो, कोण जाणे.

तो मराठी बोलतो, पण वाचत नाही. म्हणून हा लेख आधी कन्नड विभागासाठी लिहायला घेतला होता. कॅसेटपाशी येऊन थांबलो.