पावलांना सीमा नसते

आमच्या बेळगाव-निपाणी भागात एक नोव्हेंबर हा मोठा विचित्र दिवस. १९५६ साली याच दिवशी आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. म्हणून आजही त्या दिवशी एकीकडे राज्योत्सव, तर दुसरीकडे काळा दिवस. पण लग्नाची वरात निघाली, की दोन्हीकडची पोरे एकाच ठेक्यावर उसळतात.

२०१६ साली 'सैराट'मधल्या 'झिंगाट'ने तर कहर केला. दुसऱ्याच वर्षी 'मनसु मल्लिगे' या चित्रपटातून अजय-अतुल यांची तीच चाल कन्नड शब्द लेवून आली. शब्द बदलले, हात उंचावून उड्या मारणे तेच राहिले.

यात नवल कसले? पंचमीच्या फुगड्या इकडे मराठी पोरी घालतात, तशा कन्नड पोरीही. हातात हात गुंफून गिरकी घ्यायला किंवा उकिडवे बसून कोंबडा घालायला व्याकरण लागत नाही.

हेडमास्तर म्हणून माझी काळजी वेगळी आहे. स्नेहसंमेलनात पोरे 'झिंगाट'ची प्रत्येक उडी बिनचूक मारतात. एखाद्या ओळीचा अर्थ विचारला, की गप्प. फुगडीत पोरींना धापा टाकत उखाणा घालावाच लागे. श्वास आणि शब्द बरोबरच फिरत. शब्दांचे ते काम आता लाऊडस्पीकरने उचलले आहे.

पावलांना सीमा नसते, हे चांगलेच. पण सीमाभागात मराठी टिकायची असेल, तर ती ओठांवरच टिकेल. म्हणून यंदाच्या संमेलनाला एकच नियम केला आहे: जो नाचेल, त्याने गायचेही.