फरकाचे पैसे

गेल्या डिसेंबरात फरकाचे पैसे खात्यात जमा झाले आणि आठवडाभरात मी चार गोष्टी घेतल्या. एअर फ्रायर, बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन, पावलं मोजणारं घड्याळ आणि नेमाड्यांची ‘कोसला’. चौघांविषयीची माझी मतं पंधरा दिवसांत तयार झाली आणि ती मी शेजाऱ्यांना, भाच्याला, अगदी केस कापणाऱ्यालासुद्धा ऐकवून टाकली. त्यांतली तीन मला आता परत घ्यायची आहेत.

घड्याळाचं मत मात्र तेच आहे. मी लाकडी बडगीत भरीत ठेचत होतो आणि मनगटावरच्या या शहाण्याने माझ्या खात्यावर सहाशे पावलं लावली. आतला सेन्सर हाताचे हिसके मोजतो, पाय नव्हे. विषय संपला.

एअर फ्रायरची परीक्षाही भरितावरच घेतली. जळगावात दुसऱ्या कशावर घेणार? इथली भरिताची वांगी म्हणजे हिरवी, लांबोडकी, हातभर. त्यांना 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कापूसकाड्यांच्या, जाळावर भाजायची, हा इथला कायदा. मी वांग्याला टोचे मारले, तेलाचा हात फिरवला, दोनशे अंशांवर पंचवीस मिनिटं लावलं. बाहेर आलं ते शिजलेलं होतं, मऊ होतं, पण धुराचा वास म्हणून नाही. आईने ताटात बघितलं आणि म्हणाली, “याला काय झालंय? आजारातून उठल्यासारखं दिसतंय.”

पापडाने उरलीसुरली इभ्रत घालवली. नागलीचा पापड आत ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने तो उडून वरच्या तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटला. तेव्हा लक्षात आलं की या यंत्राच्या नावात तळणं असलं तरी पोटात तळण्याचा संबंध नाही. वर कॉइल, त्यावर पंखा, खाली जाळीचं भांडं. छोटी भट्टीच ती, फक्त वारा जोरात. मी जाहीर केलं : पैसे पाण्यात. ही म्हणाली, पाण्यात नाही, हवेत.

मे महिना आला. जळगावचा मे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी गॅससमोर उभं राहणं ही शिक्षा असते. आईचं वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. पण उपासाला दाण्याचं कूट लागतं आणि दाणे तिनेच भाजायचे असतात, कारण आम्ही भाजलेले एकतर कच्चे नाहीतर करपलेले. एका दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर आई खुर्चीवर बसलेली, पुढ्यात ओट्यावर हे यंत्र, आणि ती भांडं ओढून, दाणे हलवून परत आत ढकलत होती. एकशे साठ अंश, दहा मिनिटं, मध्ये एकदा हलवायचे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन घाणे वाया घालवून तिने ते स्वतः शोधलं होतं आणि वाया गेलेले दाणे आमच्या नकळत चटणीत घातले होते. पापडावर ती आता स्टीलची छोटी जाळी ठेवते, म्हणजे तो उडत नाही.

मी हिशेब केला. दीड हजार वॉटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर अर्धं युनिट. वांग्याला ते नालायक आहे, आणि माझं सगळं मत मी वांग्यावरून बनवलं होतं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला बसून दाणे भाजता येतात, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नव्हतं.

हेडफोनचं उलट झालं. त्यांच्यावर मी पहिल्या दिवसापासून फिदा होतो. जानेवारीत मुलाला भेटायला पुण्याला निघालो, महाराष्ट्र एक्सप्रेसने. कानावर चढवले, बटण दाबलं, आणि गाडीची घरघर कुणीतरी पुसून टाकावी तशी गेली. त्यातला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतून बरोबर उलटी लहर सोडतो; दोन्ही एकमेकांना मारतात. ही कल्पना मनावर घेतली ती अमर बोस यांनी, 1978 साली, विमानातल्या इंजिनाच्या आवाजाला वैतागून. कलकत्त्याहून अमेरिकेला गेलेल्या एका क्रांतिकारकाचा हा मुलगा. मी त्या प्रवासात ही गोष्ट शेजारच्या तीन प्रवाशांना सांगितली. (हेडफोन काढून.)

मेमध्ये कूलर सुरू झाला आणि हेडफोनची खरी किंमत कळली. एकसुरी, न थांबणारा आवाज हे त्यांचं आवडतं भक्ष्य, आणि आमच्या कूलरइतका एकसुरी आवाज जगात नसेल. वर मी भीमसेन लावायचो. दुपारभर स्वर्ग.

आठवड्याभराने लक्षात आलं की आई दारात येऊन उभी राहते. चौकटीला धरून, काही न बोलता. मी मान वर करून बघितलं की मगच सांगायची, पाणी दे, पंखा कमी कर, काहीतरी तेवढंच. मी चिडून म्हटलं, हाक मारायची ना, एवढ्या गुडघ्यांनी कशाला येतेस? ती म्हणाली, “मारल्या रे. पहिले दोन दिवस मारल्या.”

त्या दिवसापासून दुपारी कूलरची घरघर ऐकतो. हेडफोन वाईट आहेत असं नाही, उत्तम आहेत. माझ्या घरात माझ्यासाठी नाहीत, एवढंच. सुट्टीवर आलेल्या मुलाला ते देऊन टाकले. त्याच्या होस्टेलात कुणी त्याला हाका मारत नाही.

आता ‘कोसला’. तिच्याबाबतीत मी जरा जास्तच उघडा पडलोय.

ही कादंबरी मी 1991 साली पुण्यात, होस्टेलच्या गादीवर पडून वाचली होती. तिची पहिली आवृत्ती 1963ची. लिहिली तेव्हा नेमाडे पंचवीसचे आणि त्यांचं सांगवी आमच्याच जिल्ह्यातलं. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आमचाच माणूस. पुढे वर्षभर मी त्याच्यासारखं प्रत्येक वाक्याला वगैरे लावत होतो. प्रत एकाला वाचायला दिली, ती गेली ती गेलीच. डिसेंबरात नवी घेतली ती मुलगा इंजिनिअरिंगला पुण्यात गेला म्हणून, जुन्या आठवणीसाठी.

आणि वाचताना संताप आला. खुणेला एअर फ्रायरचं वॉरंटी कार्ड घातलं होतं. पांडुरंगाने बापाचे पैसे उडवले की त्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने एक रेघ, असं सुरू केलं. मेसच्या भानगडीत, मित्रांत, उधारीत, रेघा वाढतच गेल्या. वीस वर्षांचा असताना ज्या बापाला मी खलनायक समजत होतो, त्या बापाच्या बाजूने मी आता हिशेब ठेवत होतो. अर्ध्यातच पुस्तक मिटलं आणि मित्रांना सांगून टाकलं : ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची असली तरी ही खात्यापित्या घरच्या पोराची कुरकुर आहे, पन्नाशीनंतर वाचवत नाही.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, ती पुन्हा उघडली, केवळ विकत घेतलीय म्हणून. आणि मनी आली. पांडुरंगाची धाकटी बहीण, जी देवीने जाते. 1991ला ती पानं मी कशी वाचली, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. तेव्हा मला फक्त होस्टेल दिसत होतं. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, रुपयाएवढा. मुलाच्या दंडावर नाही. देशातला देवीचा शेवटचा रोगी 1975चा, मी तेव्हा चार वर्षांचा होतो. एवढ्या थोड्या अंतराने आपण सुटलो, हे वणावर बोट ठेवून बसलो तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. आधीच्या पानांवरची ती वगैरे-वगैरेंची टवाळी मग वेगळीच वाचता येऊ लागली. ज्याला रडायचं नाही त्याची ती बडबड होती. रेघा ओढणं तिथेच थांबलं.

तेव्हा ज्या ज्या मित्रांना मी कुरकुर म्हणून सांगितलं, त्यांनी ते मनावर घेऊ नये.

जुलैत मुलगा पुण्याला परत जाताना हेडफोनबरोबर ‘कोसला’ही घेऊन गेला. वॉरंटी कार्ड आतच राहिलंय, मागे सत्तावीस रेघांसकट. वॉरंटी दोन वर्षांची आहे.